पाण्यातली खूण

होडी वाळूला टेकते न टेकते तोच आईनं गळ्यातला कॅमेरा काढला आणि चैतालीच्या हातात दिला.

"बघ गं, आलंय का?"

मी गुडघाभर पाण्यात उभी होते. कडेवर दोन वर्षांची रेवा, खांद्यावर तिचा टॉवेल, आणि मोकळा हात कॅमेरा घ्यायला पुढे केलेला. तो हात तसाच राहिला. चैतालीनं पडद्यावर तळव्याची सावली धरली, डोळा जवळ नेला आणि एकदम किंचाळली, "इलो गे मावशे, इलो! डोळे सुदीक दिसतत!"

"दिसतात ना? मग झालं," आई म्हणाली आणि होडीच्या काठावर मान मागे टाकून बसली. एकसष्ट वर्षांची बाई. अंगाला चिकटलेला काळा रबरी पोशाख, नाकावर मास्कचा लाल वळ, आणि चेहरा असा, की कुणाच्या तरी चिंचा पाडून, पकडली न जाता परत आलीय. फोटो तिनं स्वतः बघितलासुद्धा नाही.

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "शालू, कधीची उभी आहेस? पोरीला ऊन लागेल ना."

मी त्याच सकाळी पुण्याहून तारकर्लीला पोचले होते. आईला न्यायला. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही, पण दोघींपैकी कुणीच अजून तो विषय काढला नव्हता. माझी बँकेतली रजा संपत आली होती. रेवाला सांभाळणाऱ्या बाई गावी गेल्या त्या परतल्याच नाहीत. पाळणाघर करून पाहिलं, तर तिथून पोरगी दर आठवड्याला नवीन सर्दी घेऊन यायची. आई संक्रांतीला "येते" म्हणाली होती. मग होळीनंतर येते म्हणाली. मग फोनवर म्हणाली, "मेअखेर इथल्या होड्या बंद होतात, तेव्हा बघू." त्या 'बघू'वर मी बॅग भरली. या वेळी तिला घेऊनच जायचं, तिच्याशिवाय परतायचं नाही, असं नवऱ्याला, सारंगला सांगून निघाले.

आई साताऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. टिपणीसबाई म्हटलं की पोरं जिन्यातून वाट बदलायची. मी लहान असताना रविवारी ती मला प्रयोगशाळेत न्यायची, स्टुलावर उभं करून सूक्ष्मदर्शकात बघायला लावायची. मी म्हणायचे, "दिसलं." ती म्हणायची, "काय दिसलं ते सांग." मी सांगायचे. ती मला बाजूला सारून स्वतः बघायची आणि म्हणायची, "ते नव्हे. पुन्हा बघ." माझ्या 'दिसलं'वर तिनं आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. आणि या पोरीच्या 'इलो'वर ती होडीतून निवांत उतरली.

बाबा गेल्यावर ती एकदा सहलीला म्हणून मालवणला आली आणि पाण्याखाली जाऊन आली. दुसऱ्या वर्षी पुन्हा. तिसऱ्या वर्षी बुड्या मारण्याचं रीतसर शिक्षण घेऊन, कॅमेरा आणि त्याचा पाण्यात न्यायचा डबा घेऊन, माडांत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिलीच. मोठे मासे, कासवं यांत तिला रस नव्हता. खडकाला चिकटलेले, नखाएवढे जीव ती टिपायची. चैताली कुबल तिला खाली घेऊन जायची. चोविशीची, मासेमार गाबताची मुलगी. बापाची होडी होती, भावांआधी हीच बुडी मारायला शिकली. दात मोठे, आवाज त्याहून मोठा. आईला ती 'मावशे' म्हणायची आणि अगंतुगं करायची. टिपणीसबाईंना!

दुपारी जेवायलाही ती होतीच. तळलेले बांगडे होते. मी रेवाला भरवता भरवता बघत होते. चैतालीनं स्वतःच्या ताटातला बांगडा सोलला, काटा न काटा काढला आणि गर आईच्या ताटात ठेवला. मी रेवाला करत होते, अगदी तस्संच.

"मावशेक काट्यांचो कंटाळो," माझी नजर बघून ती म्हणाली.

"लाड करते माझे," आई म्हणाली.

"माझ्याकडून कधी करून घेतले नाहीस."

"तू कधी बांगडा सोलून दिलास?"

"तू कधी सोलू दिलास?"

आई हसली. चैतालीही हसली, आणि रेवानं माझ्या हातातला घास सोडून चैतालीच्या हाताकडे तोंड वळवलं. "हिका पन व्हया!" चैताली खूश. मी रेवाला परत माझ्याकडे फिरवलं. "तिला परक्या हातचं नका देऊ," मी म्हणाले. "पोट बिघडतं तिचं."

'परक्या' या शब्दावर आईनं भुवई उचलली.

हात धुताना तिनं रेवाला उचललं आणि गाल पुसला. मी सकाळी लावलेली काजळाची तीट त्या पुसण्यात गेली. "काय लागलंय हिला काळं?"

"लागलं नाही, लावलंय. प्रवासात दहा जणांची नजर पडते."

"बाईसाहेब एम.कॉम. आहेत," आई चैतालीला म्हणाली, "आणि पोरीला काजळ फासतात."

"आमच्याकडे पन लावतत," चैताली म्हणाली.

"तुमच्याकडे लावू देत. मी हिला असं वाढवलेलं नाही."

खरंच नव्हतं वाढवलं. माझी दृष्ट कुणी कधी काढली नाही. माझ्या लग्नात मांडवात सगळ्यांसमोर सासूबाई म्हणाल्या होत्या, "विहीणबाई, लेकीवरून हात फिरवून बोटं मोडा की! किती गोड दिसतेय." आणि आई म्हणाली होती, "मला नाही हो येत ते." हसूनच म्हणाली होती. पुढे होऊन सासूबाईंनीच मोडली. मला अजून त्यांच्या बोटांचा आवाज आठवतो.

संध्याकाळी मी विषय काढला. आई म्हणाली, "बघू." मी म्हणाले, "बघू नाही, ठरव." ती म्हणाली, "उद्या सकाळी पाणी चांगलं असणार आहे, लवकर निघायचंय," आणि आत गेली. वाद घालणारी माणसं परवडतात. आई वाद घालायची नाही. खडू ठेवून वर्गाबाहेर पडावं तशी पडायची.

दुसऱ्या दिवशी रेवाला कणकण आली. माझ्या जिवाचं पाणी झालं. ते समुद्रावरचं वारं असेल, त्या होडीपाशी मी उगाच पाण्यात उभी राहिले म्हणून असेल. दुपारी आई परतल्यावर तिला म्हणाले, "मला बँकेतून फोन आलाय, जरा बोलून येते. तेवढं हिला तापाचं औषध पाज. टोपणाला खूण आहे, तिथपर्यंत." खोलीत रेंज नव्हती, म्हणून मी माडांच्या पलीकडे गेले. बोलणं लांबलं. परत आले तर अंगणात चैताली मांडीवर रेवाला घेऊन बसलेली, टोपण रेवाच्या ओठाला लावलेलं, आणि आई शेजारी नुसती उभी.

मी धावत जाऊन टोपण हातातून घेतलं. "मी आईला सांगितलं होतं!"

"दिलंय मी, ताय. खुणेर बघून दिलंय. गोड आसा, चाटून खाल्ल्यान," चैताली म्हणाली.

"माझ्या मुलीला औषध तुम्ही का देताय पण?"

"मीच दे म्हटलं," आई म्हणाली. "माझे हात ओले होते."

तिचे हात कोरडे होते. मी बघितलं ना. पदराला मीठ नव्हतं, हाताला पाणी नव्हतं. नातीला औषध पाजायचासुद्धा हिला आता कंटाळा येतो, त्यालाही ती पोरगी लागते, असं मनात आलं, आणि आलं ते रुतून बसलं.

तेवढ्यानं भागतं तरी बरं होतं. चैतालीला वाईट वाटलं असावं. माझी समजूत काढायला म्हणून तिनं मोबाइल पुढे केला. "ताय, आजचो व्हिडिओ बघ. तुजी आवस पाण्यात कशी दिसता बघ तरी. मासो झालीहा मासो!"

तिच्या मास्कवर छोटा कॅमेरा लावलेला असायचा. त्यातून काढलेलं होतं. हिरवट पाणी, वर उजेडाची जाळी, खडकावर झुकलेली आई. केस शेवाळासारखे हलतायत. एवढी सावकाश आणि हलकी मी तिला जमिनीवर कधी पाहिली नव्हती. मग ती वळली, सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे चैतालीकडे. दोन्ही हात पुढे केले, चैतालीच्या चेहऱ्यापर्यंत आणले. आणि मग तेच हात मागे नेऊन आपल्या कानशिलांवर टेकवले आणि बोटं वळवली.

आई बोटं मोडत होती. त्या पोरीची आलाबला घेत होती.

"झकास आसा ना?" चैताली म्हणाली.

"हो," मी म्हणाले. मोबाइल परत दिला. आत जाऊन रेवाशेजारी पडले. डोळ्यांपुढून ते हात हलेनात. नातीच्या गालावरची तीट पुसणारे हात. मला नाही हो येत ते, म्हणणारे हात. इथे पाण्याखाली, कुणी बघणार नाही अशा जागी, परक्या पोरीवरून ते बरोबर फिरत होते. म्हणजे येत होतं तिला. सगळं येत होतं. माझ्यासाठी येत नव्हतं.

ऊन कलल्यावर मी बाहेर आले. आई बादलीतल्या गोड्या पाण्यात कॅमेऱ्याचा डबा बुचकळत होती. चैताली पायरीवर बसून मीठ लावून कैरी खात होती.

"रेवाचा ताप उतरला," मी म्हणाले. "तिची दृष्ट काढणार होते. पण म्हटलं, तुझ्यासमोर नको. तू हसतेस."

"हसतेच. तापाला औषध असतं, मीठ-मोहऱ्या नसतात."

"आणि चैतालीला काय असतं?"

"म्हणजे?"

"तिची काढतेस ना पाण्याखाली! बोटं मोडतेस! मी बघितलंय व्हिडिओत. हिच्या तोंडावरून हात फिरवून, कानशिलावर. माझ्या लग्नात येत नव्हतं तुला. माझ्या बारशाला, रेवाच्या बारशाला, कधीच येत नव्हतं. आता कुठून यायला लागलं, आई? समुद्रात शिकवतात का?"

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच काही कळलेलं नव्हतं. कळलं ते चैतालीला, आणि ती इतकी मोठ्यानं हसली की कैरीचा तुकडा ठसक्याबरोबर अंगणात उडाला.

"दिष्ट? पाण्यात? अगे देवा माज्या! ताय, ती दिष्ट नाय गे! ती चष्म्याची खूण!" ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. खाली बोलता येत नाही, म्हणून हातांनी बोलावं लागतं. ते तिनं मला करून दाखवलं. दोन्ही हात माझ्या चेहऱ्याकडे. "ह्या म्हंजे 'तू'." मग हात स्वतःच्या कानशिलांवर, चष्म्याच्या काड्यांसारखी वळलेली बोटं. "आणि ह्यो चष्मो. तू माजो चष्मो हो! मावशेक दिसूक नाय काय ती अशी करता, मगे मी कॅमेरो घेऊन…"

बोलता बोलता तिचा आवाज खाली आला आणि थांबला. बादलीतले आईचे हात केव्हाच थांबले होते.

"दिसूक नाय म्हणजे?" मी विचारलं.

चैताली आईकडे बघायला लागली. "मी जातंय," ती म्हणाली. "माजी वाट बघत असतीत घराकडे."

"बस," आई म्हणाली. "सुटलं ते सुटलं." तिनं हात झटकले, पदराला पुसले. "मोतीबिंदू आहे, शालू. दोन्ही डोळ्यांत. लांबचं बरं दिसतं अजून. जवळचं धुरकट. मास्कच्या काचेला आतून नंबराची काच लावून घेतली होती, ती काही महिने पुरली. आता तीही पुरत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काय आलंय ते मला कळत नाही. हिला विचारते."

चैतालीला शांतता सोसत नसे. "मी म्हणतंय मावशेक," ती हळूच म्हणाली, "लोक समुद्रात मोती शोधूक जातत, तुका डोळ्यातच दोन गावले. पन बाजारात कोण घेवचो नाय."

आई कसंनुसं हसली. विनोद जुना होता. वापरून वापरून गुळगुळीत झालेला. म्हणजे या दोघी तो कितीदा तरी करून हसल्या होत्या. दृष्ट काढल्याची गोष्ट खोटी निघाली होती, आलाबला कुणी घेतली नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. पण बोटं मोडली असती तर परवडलं असतं, असं झालं मला.

"कधी कळलं?"

"दिवाळीत."

"दिवाळीत तू आमच्याकडे होतीस! डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटी गेलीस? आणि हिला सांगितलंस. मला नाही."

"हिला सांगावंच लागलं. पाण्यात खोटं बोलता येत नाही. बोटाएवढ्या घड्याळात हवा किती उरली, ते वाचता आलं नाही तर सांगावं लागतं."

"आणि जमिनीवर खोटं चालतं?"

"तुला सांगितलं असतं, तर तू मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन झोपवलं असतंस."

"झोपवलंच असतं! त्यात चुकलं काय?"

"काही नाही चुकलं. ऑपरेशननंतर कितीतरी आठवडे पाण्यात जाऊ देत नाहीत. मग दुसरा डोळा. मोसम गेला असता."

"मोसम," मी म्हणाले. "नातीपेक्षा मोसम. एवढंच ऐकायचं होतं मला. हे संक्रांतीलाच सांगायचं होतंस ना सरळ, मी दुसरी बाई शोधली असती."

"तसं नाही गे ताय…" चैताली म्हणाली.

"तुम्ही मध्ये बोलू नका!"

"ओरडू नकोस तिच्यावर," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती पायरीवर बसली, चैतालीच्या शेजारी, आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "मोसम हवा होता मला. खोटं कशाला बोलू? पण संक्रांतीला मी बॅग भरली होती, शालू. तिकीट काढलं होतं. आणि मग बसल्या जागी तुमच्या घराचा विचार करायला लागले. सकाळी तुम्ही दोघं गेलात की मी आणि ती. दिवसभर. खाली पडलेलं सगळं ती तोंडात घालते. मला फरशीवरची टाचणी दिसत नाही. भातातला खडा दिसत नाही. दुपारी तू म्हणालीस, टोपणाला खूण आहे. मी टोपण उजेडात नेलं, डोळ्याशी नेलं, लांब धरलं. खूणच नाही. आणि पोर रडतंय. ही अंगणात होती म्हणून मी हिला हाक मारली. तिकडे कुणाला मारली असती?"

मी अंगणात पडलेला कैरीचा तुकडा उचलला.

"पाण्यात माझा पट्टा हिच्या हातात असतो. तिथे मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती रेवाजवळ."

"मला सांगितलं असतंस तर…"

"तर तू रेवाला माझ्याकडे ठेवली असतीस?"

बसची खिडकीसुद्धा पुसून मग पोरीला हात लावू देणारी मी. ठेवली नसती. एक दिवससुद्धा नसती ठेवली. आणि ते आईला पक्कं माहीत होतं. 'समुद्रवेडी आजी' म्हणून तिला माझी बोलणी खायला चालत होतं. 'आईला दिसत नाही, तिच्याजवळ पोर नको,' हे माझ्या तोंडून ऐकायला तिला नको होतं.

आत रेवा जागी झाली. उठायला तिघींनी एकदमच हालचाल केली. मग चैताली आणि आई थांबल्या आणि मी आत गेले.

रात्री जेवताना मी बांगडा सोलायला घेतला. काटे बोटांना टोचले, अर्धा गर काट्यांबरोबरच गेला. उरलेला मी आईच्या ताटात ठेवला. "यात राहिलाय एक," तिनं जिभेवर शोधून बाहेर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. पण खाल्लं सगळं.

"चल माझ्याबरोबर," मी म्हणाले. "रेवासाठी नाही. डोळ्यांसाठी. रेवाचं मी बघते."

"आणि नोकरी?"

"ते सारंग आणि मी बघू."

या खेपेला ती 'बघू' म्हणाली नाही. सकाळी उठले तर रबरी पोशाख दोरीवर उलटा वाळत होता आणि आई खाटेवर बॅग भरत होती.

चैताली बसपर्यंत सोडायला आली. आईनं कॅमेरा आणि डबा तिच्या हातात दिला. "तुझ्याकडे ठेव. काढत राहा. नुसता पडून राहिला की रबर वाळतं त्याचं."

मला त्या कॅमेऱ्याला कधी हात लावायला मिळाला नव्हता. पण म्हटलं, जाऊ दे. मी आईला नेतेय. हिला कॅमेरा राहू दे.

"गे मावशे, रडू नको हां, पट्टी ओली होतली," चैताली म्हणाली. अजून पट्टीचा पत्ता नव्हता आणि रडत तीच होती. बस सुटताना ती खिडकीखालून मला म्हणाली, "ताय, तिका जिन्यातून एकटी सोडू नको. शेवटची पायरी तिका गावना नाय."

"माहितीये मला," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं.

पुण्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आधी डावा, मग उजवा. मी बिनपगारी रजा वाढवून घेतली, सारंगनं सकाळची पाळी घेतली. दिवसभर माझ्या हातात थेंबांच्या बाटल्या. आई खुर्चीत मान मागे टाकायची, मी खालची पापणी ओढून थेंब सोडायचे. इतक्या जवळून मी तिचा चेहरा पूर्वी कधी पाहिला नव्हता, आणि तिला तो मला पाहू द्यावा लागत होता. पहिले काही दिवस तिचं अंग ताठ असायचं. मग सैल पडत गेलं. एकदा थेंब टाकून झाल्यावरही तिनं माझं मनगट सोडलं नाही.

डोळे सुधारले तसं आमच्या घराचं काही खरं राहिलं नाही. फरशीच्या फटीतली घाण, गॅसमागचे डाग, माझे पांढरे केस, एकेक तिला दिसायला लागलं आणि एकेक ती सांगायला लागली. रेवाचं सगळं ती करायला लागली. मी बँकेत रुजू झाले.

श्रावण असावा तो. सुट्टीचा दिवस होता. आई गॅलरीत रेवाची वेणी घालत बसली होती, मी शेजारी वाटाणे सोलत होते. आईचा मोबाइल वाजला. चैतालीनं फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'मावशे, होडये बंद होवच्या आदी तुज्या डब्यातसून काडलेलो. तुजे डोळे बरे होवची वाट बघी होतंय. आता बघ.'

आईनं वेणी सोडून मोबाइल हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला.

समुद्रतळाला पडलेली कुणाची तरी सोड्याची बाटली. तिच्या तोंडातून बाहेर बघणारा करंगळीएवढा मासा. आणि त्याच्यामागे, काचेला आतून चिकटलेली अंडी, शेकड्यांनी, आणि प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके. डोळे.

मी आईकडे बघितलं. ती फोटो मोठा करत होती, लहान करत होती, पुन्हा मोठा करत होती. खालचा ओठ दाताखाली गेला होता. जबडा घट्ट. हा चेहरा मी तिच्यावर कधी पाहिला नव्हता. पण तो आतून कसा असतो, ते मला चांगलं ठाऊक होतं.

"छान आहे," ती अखेर म्हणाली. काठावर पास केलेल्या विद्यार्थ्याला म्हणावं तसं. मग थोडं थांबून, माझ्यापुढे मोबाइल धरत, "फोकस जरा मागे गेलाय. नाही? बघ बरं तू."

मी वाटाण्यांचे हात पुसले आणि फोटो बघितला. मोठा करून बघितला. माशाच्या अंगावरचे खवले मोजता आले असते. एकूण एक अंडं, एकूण एक डोळा, सुईनं टोचल्यासारखा स्वच्छ.

"आजी, माछा बाटलीत का बछलाय?" रेवानं विचारलं.

"थांब, आईला बघू दे," आई म्हणाली. ती माझ्याच तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "जरासा गेलाय."

"मला वाटलंच!" आईचा चेहरा उजळला. तिनं मोबाइल बाजूला ठेवला, रेवाची सुटलेली वेणी पुन्हा हातात घेतली आणि दोन पेड घातल्यावर हळूच म्हणाली, "चैतीला मात्र सांगू नकोस हं. तिला वाईट वाटेल."

"नाही सांगत," मी म्हणाले आणि वाटाण्यांची परात घेऊन तिच्याजवळ सरकून बसले.